जालन्याचा हापसा

१९३४ सालची गोष्ट. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. रमजानचा महिना होता. प्रवासात सगळे धुळीनं माखले होते, आणि किल्ल्याच्या दाराशी पाण्यानं भरलेला हौद दिसला, तेव्हा काही जणांनी हात-पाय आणि तोंड धुतलं. तेवढ्यात एक म्हातारा ओरडत आला, अस्पृश्यांनी पाणी बाटवलं म्हणून. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. अखेर किल्ला पाहायची मुभा मिळाली ती एका अटीवर, की आत कुठल्याही पाण्याला शिवायचं नाही. अट पाळली जाते का हे पाहायला एक हत्यारबंद शिपाई सोबत दिला गेला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवला आहे.

आपल्या भागातल्या हापशाची गोष्ट मला इथूनच सांगावीशी वाटते. तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा मोठा होता. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके त्यातच होते. जालना जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. या सगळ्या मुलखात पाणी दोन आवरणांखाली होतं. एक काळ्या खडकाचं, दुसरं जातीचं. पुढे या दोन्हींवर घाव घालणारं एक साधं लोखंडी यंत्र इथंच आकाराला आलं. त्यात परदेशी धर्मादाय पैसा होता, मिशन होतं, संयुक्त राष्ट्रांची संस्था होती, एका अमेरिकन विद्यापीठात शिकून आलेलं डॉक्टर दांपत्य होतं, आणि वेल्डिंगची ठिणगी उडवणारे इथले मिस्त्री होते.

आधी खडकाविषयी. मराठवाड्याची जमीन लाव्हाच्या थरांवर थर बसून तयार झाली आहे. वर थोडी काळी माती, खाली मुरूम, त्याखाली अभंग बेसॉल्ट. पाऊस पडला की पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत, सांध्यांत जाऊन बसतं. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळासारखा जाड ओलसर थर इथं नाही. त्यामुळे विहीर, आड, बारव जे काही खणायचं ते पहार आणि सुरुंगानं, चाळीस-पन्नास फुटांपर्यंत. माघ-फाल्गुनात तळ दिसू लागतो, चैत्रात पोहरा दगडावर आपटतो. औरंगाबाद शहराला मलिक अंबरानं सतराव्या शतकात नहरी खोदून दिल्या, डोंगराखालचं पाणी खापरी नळांनी आणलं. पाणचक्कीपाशी उभं राहिलं की तशा कामाची आजही थोडी कल्पना येते. खेड्यांसाठी मात्र कुणी नहर खोदली नाही.

जालन्यात स्कॉटलंडच्या मिशनचं बस्तान एकोणिसाव्या शतकातलं. नारायण शेषाद्री हे १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेले मराठी ब्राह्मण तिथं काम करत. त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना, त्यांतही मांग आणि महार समाजातून आलेल्यांना, तिथं घर, शेत आणि हातातलं कौशल्य मिळावं अशी त्यांची धडपड होती. धर्मांतराच्या हेतूवरून मिशनवर टीका झाली आणि होते. तो वाद खोटा नाही. पण पाण्याच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. १९६० च्या दशकात दुष्काळी मदतीसाठी विलायतेतून पैसा आणि यंत्रं येऊ लागली, तेव्हा जालन्यातली मिशनची माणसं नवखी नव्हती. त्यांच्या संस्थेनं या मुलखात अनेक पिढ्या काढल्या होत्या. मदत कुठं उतरवायची हे ठरवताना हा जुना परिचय पैशाइतकाच मोलाचा ठरतो.

१९६५ आणि १९६६ ही लागोपाठ दोन वर्षं देशाच्या मोठ्या भागात पाऊस फसला. बिहारमधल्या उपासमारीची छायाचित्रं जगभर गेली. त्याच काळात वेगवेगळ्या धर्मांच्या आणि गांधीवादी संस्थांनी एकत्र येऊन १९६६ मध्ये ॲक्शन फॉर फूड प्रॉडक्शन ही तांत्रिक मदत देणारी संस्था उभी केली. महाराष्ट्रात १९६९ मध्ये पुण्यात अफार्म सुरू झाली. १९६७ मध्ये युनिसेफनं खडक फोडणाऱ्या नव्या रिग भारतात आणल्या. जालन्याच्या मिशननंही ब्रिटनमधल्या देणग्यांच्या बळावर बोअर पाडायचं काम हाती घेतलं.

ही रिग म्हणजे काय होती, हे समजल्याशिवाय पुढचं नवल कळत नाही. जुन्या पद्धतीत जड छिन्नी दोरानं वर उचलून खाली सोडायची. बेसॉल्टमध्ये एक बोअर पाडायला आठवडे जात. नव्या यंत्रात दाबलेल्या हवेवर चालणारा हातोडा थेट भोकाच्या तळाशी उतरतो, तिथंच खडक ठेचतो, आणि तीच हवा दगडाचा भुगा वर फेकते. आठवड्यांचं काम दिवसावर आलं. सरकारी कागदांत या भोकाला विंधन विहीर म्हणत, लोकांनी बोअर म्हटलं. पांढऱ्या भुकटीचा लोट उठायचा, कानठळ्या बसायच्या, सगळं गाव जमायचं, आणि भुकटी ओली होऊन चिखलाचा फवारा उडाला की गुलाल उधळला जायचा.

पण सहा इंचांच्या भोकात पोहरा सोडता येत नाही. पाणी वर काढायला पंप हवा, आणि सगळं अडलं ते इथं.

त्या वेळी बसवले जाणारे हातपंप बिडाचे होते. युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांसाठी बनलेल्या पंपांच्या त्या नकला. एका कुटुंबानं दिवसातून काही वेळा हापसायचं, एवढ्यासाठी तो नमुना होता. आपल्याकडे त्याच पंपावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव. दांड्याच्या खिळी झिजायच्या, दांडा डगमगायचा, बिडाला तडा जायचा. पंप बोअरच्या पाइपावरच नटबोल्टनं कसलेला असे. तो हलला की पाइप हले, फट पडे, आणि सांडलेलं घाण पाणी पुन्हा बोअरमध्ये उतरे. १९७४ मध्ये युनिसेफनं पाहणी केली, तेव्हा सुमारे ७५ टक्के हातपंप बंद आढळले. लाखो रुपयांची रिग, शंभर-दीडशे फुटांचा बोअर, खाली पाणी, आणि वर मोडका दांडा.

जालन्यातल्या मंडळींच्या हे आधीच ध्यानात आलं होतं, कारण मोडलेला पंप दुरुस्त करायला त्यांनाच जावं लागे. त्यांनी बीड सोडलं आणि पोलाद घेतलं. ओतीव सुट्या भागांऐवजी पत्रा, पाइप कापून वेल्डिंग केलेला सांगाडा. अनेक खिळ्यांऐवजी दांड्याला एकच आस. हा ‘जालना पंप’. तिथून ही कल्पना सोलापूरला पोचली. तिथल्या सोलापूर वेल सर्व्हिसनं तो आणखी पक्का केला. आसाला बंदिस्त बॉल बेअरिंग बसवलं. दांड्याच्या पुढच्या टोकाला वर्तुळाच्या पावभागासारखा कमानी तुकडा जोडला आणि त्यावरून साखळी सोडली. साखळीमुळे आतला रॉड सरळ रेषेत वर-खाली होऊ लागला. आडवा ताण गेला, झीज कमी झाली. सांगाडा बोअरच्या पाइपापासून मोकळा करून काँक्रीटच्या ओट्यात रोवला. पंपाचे धक्के आता ओटा झेलू लागला.

हातपंपाच्या इतिहासात या सोलापुरी नमुन्याच्या कर्त्याचा उल्लेख ‘स्वतःच शिकलेला भारतीय मेकॅनिक’ असा येतो. संस्थांची नावं ठळक छापली जातात, अधिकाऱ्यांची येतात, आणि ज्याच्या डोक्यातून साखळी निघाली तो एका विशेषणात उरतो. मला ही गोष्ट फार लागते. आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या हिशेबात देणगीचा आकडा लिहिला जातो, गॅरेजमधल्या रात्री लिहिल्या जात नाहीत.

मग बहात्तर आलं. मराठवाड्यात आणि नगर-सोलापूर पट्ट्यात पावसानं १९७० पासूनच हात आखडता घेतला होता. १९७२ मध्ये तो फिरकलाच नाही. खडी फोडायची कामं, सुकडी, अमेरिकेतून आलेली लाल मिलो, जनावरांची छावणी: ज्यांनी ते पाहिलं त्यांना आणखी सांगायला नको. रोजगार हमीची मुळं त्या वर्षात आहेत. आणि हापसा गावोगाव पोचला तोही त्याच वर्षांत.

याच दुष्काळाच्या तोंडावर, १९७० मध्ये, बीड जिल्ह्याच्या सीमेवरच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातले. आधी नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात त्यांनी काही वर्षं काढली होती. तिथं त्यांना एक गोष्ट खुपत राहिली: बरा करून घरी पाठवलेला रोगी त्याच आजारानं पुन्हा दारात येतो. पुढे ते अमेरिकेला गेले, क्लीव्हलँडला वैद्यकीय प्रशिक्षण घेतलं, आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकले. तिथं त्यांचे गुरू होते कार्ल टेलर. मसुरीजवळच्या लंढौरला, मिशनरी डॉक्टरांच्या घरात १९१६ मध्ये जन्मलेला हा माणूस पंजाबातल्या नारंगवालच्या खेड्यांत संशोधन करत होता. भारत त्याला पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

जामखेडच्या कामाला पैसा आला तो जिनिव्हाच्या ख्रिश्चन मेडिकल कमिशनमार्फत. हे कमिशन १९६८ मध्ये स्थापन झालं होतं आणि जगभरच्या मिशन हॉस्पिटलांच्या कामाचाच फेरविचार करत होतं. हॉस्पिटलं मोठी होत होती, पण दहा-पंधरा मैलांवरच्या खेड्याला त्यांचा उपयोग होत नव्हता. आरोळ्यांनी तीस गावं आणि चाळीस हजार माणसं हा आपला दवाखाना मानला. विद्यापीठानं त्यांना काम सुरू करण्याआधी मोजायची शिस्त दिली होती. १९७१ च्या मोजणीत हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत मरत होती.

आणि गावकऱ्यांना विचारलं तर त्यांनी काय मागितलं? औषध नव्हे, अन्न आणि पाणी. आरोळे दांपत्यानं ही मागणी ऐकली, आणि माझ्या मते त्यांचं मोठेपण इथं आहे. त्यांच्याकडे पदव्या होत्या, परदेशी निधी मंजूर होता, आरोग्याची योजना तयार होती. ती बाजूला सारून त्यांनी आधी मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरं आणि बोअर यांचं काम धरलं. निरनिराळ्या जातींतल्या तरुणांनी एकत्र बसावं म्हणून डॉक्टर त्यांच्याबरोबर व्हॉलीबॉल खेळायचे; त्यातून तरुण शेतकरी मंडळं झाली.

बोअर कुठं पाडायचा हा प्रश्न आला तेव्हा उत्तर ठरवून दिलं गेलं: दलित वस्तीत. विहिरीवर ज्यांना पाय ठेवू दिला जात नसे, त्यांच्या दारात हापसा उभा राहिला, आणि गावची विहीर आटली तशा सवर्ण घरच्या बाया हंडे घेऊन तिथं येऊ लागल्या. हापशाला एक गुण आहे, जो विहिरीला नाही. त्यात कुणाचा पोहरा बुडत नाही, पाणी बंद पाइपातून वर येतं, आणि दांडा हापसणारा हात कुणाचा हे पाण्याला कळत नाही. नेमक्या त्याच वर्षांत बाबा आढाव ‘एक गाव एक पाणवठा’ची मोहीम घेऊन महाराष्ट्रभर फिरत होते. विटाळाची कल्पना हापशानं मोडली असा दावा मी करणार नाही. सवर्ण बाया आल्यावर दांडा धुऊन घेण्याचे, दलितांना रांगेत मागे ठेवण्याचे प्रकार अनेक गावांत चालूच राहिले. पण जागा बदलली की चाल बदलते. कोण कुणाच्या दारी येतं, हे गावात फार मोठं असतं.

हापशामागोमाग आरोग्य आलं. शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकेनात, तेव्हा गावानंच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर आणि कित्येक दलित बायांना आरोग्य कार्यकर्ती म्हणून तयार केलं गेलं. १९७६ पर्यंत बालमृत्यूचं प्रमाण १७६ वरून ५२ वर आलं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ मध्ये लोकांनीच चालवलेल्या आरोग्यकामांचे नमुने एका ग्रंथात एकत्र केले, त्यात चीन आणि क्यूबाच्या शेजारी जामखेडचं प्रकरण आहे. १९७८ मध्ये अल्मा-आताच्या परिषदेनं प्राथमिक आरोग्यसेवेची जाहीर हमी दिली आणि शुद्ध पाणी तिचा भाग मानलं. तिथल्या कागदपत्रांच्या तयारीत कार्ल टेलर होते. बाल्टिमोरहून जामखेडला गेलेलं ज्ञान जामखेडहून काही नवं घेऊन परतलं होतं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

इकडे हापशाचंही भाग्य उजळत होतं. १९७४ च्या पाहणीनं युनिसेफ हादरली होती. पंपच टिकत नसतील तर बोअरांवर खर्च करायचा कशाला, असा प्रश्न उभा राहिला. भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी देशात बसवलेले सगळे नमुने तपासले, आणि टिकाऊपणात सोलापुरी पंप पुढे निघाला. तोच पाया धरून, कुठल्याही साध्या कारखान्यात बनवता येईल, एकाचे भाग दुसऱ्याला बसतील, अशा मापांत तो पुन्हा आखला गेला. कोइमतूरच्या परिसरात खोल बोअरांवर त्याची परीक्षा झाली. मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कारखान्यात १९७७-७८ च्या सुमारास तो तयार होऊ लागला. नाव ठेवलं इंडिया मार्क टू. भारतीय मानक क्रमांक ९३०१ हा त्याचाच.

त्याचं पेटंट कुणी घेतलं नाही. आराखडा सगळ्यांना खुला ठेवला. म्हणून तो युगांडात गेला आणि तिथल्या गरजेनुसार बदलून ‘यू-टू’ झाला. घाना, माली, सुदान इथंही पोचला. १९८१ ते १९९० हे दशक संयुक्त राष्ट्रांनी पिण्याच्या पाण्यासाठी वाहिलं, त्या काळात जगात सर्वांत जास्त बसवला गेलेला हातपंप हाच. आफ्रिकेतल्या एखाद्या गावात साखळीचा तो कुईकुई आवाज येतो, तेव्हा त्यात जालना आणि सोलापूरच्या वेल्डिंगची आठवण असते, जरी तिथं ती कुणाला ठाऊक नसली तरी.

आपल्या घरी त्यानं काय केलं? नारू हा शब्द आता तरुणांना माहीतही नसतो. पायऱ्यांच्या बारवेत रोगी उतरला की त्याच्या पायाच्या फोडातून जंताची पिल्लं पाण्यात पडत. ते पाणी प्यायलेल्याच्या पायातून वर्षभरानं हातभर लांब दोऱ्यासारखा जंत बाहेर येई. ऐन पेरणीत माणूस आडवा. पायऱ्यांच्या विहिरी बुजवणं, पाणी गाळून पिणं आणि हापसा यांनी तो गेला. देशातला शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात सापडला, आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं प्रमाणित केलं.

उणिवाही मांडायला हव्यात. मार्क टू मजबूत होता, पण खालचा चामडी वायसर झिजला की सगळे पाइप उपसून काढावे लागत. त्याला तिकाटणं, साखळदंड, चार-पाच गडी आणि पंचायत समितीची गाडी लागे, आणि गाडी महिना-महिना येत नसे. सरकारी निकष अडीचशे माणसांमागे एक हापसा असा होता. एक बंद पडला की अडीचशे माणसं पुन्हा जुन्या आडावर. पुढे मार्क थ्री आला, त्यात पाइप न उपसता वायसर बदलता येतो, चामड्याच्या जागी रबर आलं. पण गावाला वस्तू दिली आणि किल्ल्या-पाने तालुक्याच्या कुलपात राहिले, ही चूक आराखड्याची नव्हती, कारभाराची होती. जामखेडला बायांच्या हातात रक्तदाबाचं यंत्र दिलं गेलं; बहुतेक गावांत त्यांच्या हातात पाना दिला गेला नाही.

दुसरी गोष्ट अधिक जड आहे. हापशासाठी खडकाची वाट मोकळी करणाऱ्या त्याच रिग पुढे शेतीच्या बोअरसाठी गावोगाव आल्या. हापसा मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी काढतो, आणि तेही माणसाच्या दंडाच्या जोरावर. सबमर्सिबल पंपाला दंड दुखत नाही. दोनशे, चारशे, सहाशे फूट खाली जाऊन ऊस आणि मोसंबी जगवली गेली, आणि वरच्या सांध्यांतलं पाणी, ज्यावर हापसा अवलंबून होता, आधी आटलं. सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायची नाही असा कायदा राज्यानं १९९३ मध्ये केला. ५०० मीटर मोजायला किती गावांत टेप लागला, हे कुठल्याही गावात विचारून पाहावं. २०१२-१३ च्या दुष्काळात जिथं पहिला पोलादी पंप उभा राहिला त्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, आणि टँकर गावविहिरीत पाणी ओतत होते. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं.

आता गावात नळ आले आहेत. कित्येक हापशांचा सांगाडा काढून त्याच बोअरमध्ये मोटार सोडली आहे; कुठं दांडा गेला, ओटा उरला, त्यावर म्हातारी माणसं बसतात. पण शाळेच्या कोपऱ्यात, वस्तीच्या टोकाला एखादा अजून चालू असतो. वीज गेली आणि टाकी रिकामी झाली की बाया कळशा घेऊन तिथं येतात. पहिले पंधरा-वीस हेलकावे दांडा हलका जातो, आत नुसता लोखंडाचा खडखडाट. मग हाताला ओझं लागतं. एखादी पोरगी दांड्याला लोंबकळून दोन्ही पाय उचलते, आणि पंपाच्या तोंडातून लाल गंजाची धार येते, तिच्यामागून स्वच्छ पाणी.